‘तुम्ही बघूनच घेतली होती ना?’

पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरात यंदा दिवाळीला सेकंड हँड सात सीटर घ्यायचं चाललंय, त्यांनी दहा मिनिटं काढून शेवटपर्यंत वाचा. आणि ज्यांनी अशी गाडी कधी विकलीय त्यांनी तर वाचाच. मीही विकलीय, त्याचं शेवटी सांगतो.

आमचे दाजी शाळेतून निवृत्त झाले. फंडाच्या पैशातून साडेसात लाखाची जुनी डिझेल एसयूव्ही घेतली. २०१७ चं मॉडेल, सात सीट, मीटरवर ६२ हजार किलोमीटर. दुकानदार म्हणाला, "फर्स्ट ओनर गाडी आहे सर, कागद क्लिअर आहेत, डोळे झाकून घ्या." दाजींनी डोळे झाकले नाहीत. ओळखीचा ड्रायव्हर नेला, चक्कर मारली, एसी बघितला, टायर बघितले. मग घेतली.

चौथ्या महिन्यात आंबा घाट उतरताना गाडी बंद पडली. नुसती बंद पडली असती तरी चाललं असतं. चालू उतारावर इंजिन गेलं, डॅशबोर्ड काळा झाला, स्टिअरिंग दगडासारखं झालं आणि दोनदा ब्रेक दाबल्यावर ब्रेकही लाकडासारखा झाला. आत सात माणसं, त्यात ताईची नात तीन वर्षांची. दाजींनी गाडी डोंगराच्या बाजूला घासत नेऊन गटारात घातली म्हणून मी आज ही पोस्ट लिहितोय. कुणाला लागलं नाही. ताई मात्र अजून त्या रस्त्यानं जायला तयार नाही.

मिस्त्रीनं कार्पेट उचललं तेव्हा खाली वाळलेला गाळ निघाला. वायरिंगच्या कनेक्टरला हिरवी बुरशी धरावी तसा गंज. सर्व्हिस सेंटरला चेसिस नंबर दिला तर तिथं शेवटची नोंद १ लाख ४१ हजार किलोमीटरची, आणि ती २०२१ ची! आरसी बुकावर आधीच्या मालकाचा पत्ता चिपळूणचा होता. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. दाजींनी त्या गृहस्थांना शोधून फोन लावला. माणूस सज्जन. म्हणाले, "अहो, ती गाडी तर दोन दिवस पाण्यात होती. टोटल लॉस झाली. इन्शुरन्सवाल्यांनी पैसे दिले, माझ्याकडनं २९-३० नंबरच्या फॉर्मवर सह्या घेतल्या आणि गाडी घेऊन गेले. पुढं कुठं गेली मला काय ठाऊक!"

म्हणजे बघा, ‘फर्स्ट ओनर’ हे खोटं नव्हतं. कागदावर तोच पहिला मालक होता. मधल्या काळात गाडी लिलावात गेली, गॅरेजात धुतली गेली, दोन-तीन एजंटांच्या हातातून फिरली. यातलं काहीही कागदावर नाही.

दाजी दुकानात गेले. दुकानदारानं चहा दिला आणि एकच वाक्य बोलला: "सर, तुम्ही बघूनच घेतली होती ना?"

माझं भांडण या वाक्याशी आहे.

हे वाक्य आपण सगळेच बोलतो. कुणी फसलं की दुकानदारच नाही, शेजारीपाजारी, नातेवाईक, गॅरेजवाला, पोलीस चौकीतला हवालदार, सगळे हेच म्हणतात. जणू गाडी विकणाऱ्याचं काम खोटं बोलणं आहे आणि घेणाऱ्याचं काम ते पकडणं. पकडलं तर तुम्ही हुशार, नाही पकडलं तर तुमचंच चुकलं.

बरं, पकडायचं म्हणजे काय काय बघायचं? गेल्या काही महिन्यांत तीन मिस्त्रींच्या मागं लागून मी जे शिकलो ते लिहितो. कामाला येईल, शिवाय माझा मुद्दाही त्यातूनच कळेल.

पहिलं, गाडी थंड असताना बघा. पोचल्या पोचल्या बॉनेटला हात लावा. गरम असेल तर समजा की तुमच्यासाठी आधीच चालू करून ठेवलीय. उद्या सकाळी येतो म्हणा. थंड इंजिन चालू करताना डिझेल गाडीचा खरा आवाज आणि खरा धूर कळतो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. रेस केल्यावर भसाभस काळा धूर म्हणजे इंजेक्टर, टर्बो किंवा ईजीआरचं दुखणं. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट इंजिनात जातंय, हेड गॅस्केट गेलंय अशी शंका घ्या. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण जपून उघडा. आतून धूर फकफक बाहेर येत असेल तर त्याला मिस्त्री बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, आणि तो इंजिन कामाचा निरोप असतो. झाकणाच्या आत सायीसारखा पांढरट थर असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळलंय. कूलंटच्या डब्यात रंगीत कूलंटऐवजी गढूळ साधं पाणी असेल तर गाडी कशी सांभाळली ते कळलंच. रेडिएटरचं झाकण मात्र गरम गाडीत उघडू नका.

दुसरं, क्लच आणि गिअर. सपाट रस्त्यावर कमी वेगात चौथा गिअर टाकून अॅक्सिलरेटर दाबा. आरपीएम वर पळाला आणि गाडी जागेवरच रेंगाळली तर क्लच प्लेट संपलीय. ऑटोमॅटिक असेल तर हळू ट्रॅफिकमध्ये अर्धा तास चालवा, झटके तिथंच बसतात. फोर बाय फोर असेल तर मातीच्या मोकळ्या जागेत ते टाकून आणि काढून बघा. कित्येक गाड्यांत ते वर्षानुवर्षं वापरलेलं नसतं आणि नुसतं बटण उरलेलं असतं.

तिसरं, बीएस-६ डिझेल. एप्रिल २०२० पासूनच्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवायला डीपीएफ नावाची जाळी असते. हायवेला पळणाऱ्या गाडीत ती आपोआप जळून साफ होते. पण मुलांना शाळेत सोड, बाजारातून भाजी आण एवढंच करणाऱ्या गाडीत ती तुंबते. म्हणून ‘फक्त गावातल्या गावात चाललीय’ हे डिझेलच्या बाबतीत कौतुक नाही. डिपस्टिकवर ऑइल खुणेच्या बरंच वर असेल तर साफसफाईच्या अर्धवट प्रयत्नात डिझेल ऑइलमध्ये उतरलेलं असू शकतं.

चौथं, अपघात. बॉनेट, फेंडर आणि दरवाज्यांच्या बोल्टचा रंग पान्यानं उडालाय का बघा. दाराचं रबर बीडिंग ओढून खालचे कंपनीचे गोल स्पॉट वेल्ड जागेवर आहेत का बघा. काचांवर बनावटीचं वर्ष असतं, एकच काच वेगळ्या वर्षाची असेल तर का ते विचारा. बोलेरो-स्कॉर्पिओसारखी चेसिसवरची गाडी असेल तर रॅम्पवर घ्या आणि चेसिसला कुठं वेल्डिंग झालंय का, गंज किती आहे ते टॉर्च लावून बघा. कोकणातल्या गाडीला हे दुप्पट लागू.

पाचवं, एअरबॅग. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा लाल दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. मुळीच लागला नाही तर दिवाच काढून टाकलाय. शेजारच्या ऑइलच्या किंवा बॅटरीच्या दिव्याबरोबर बरोब्बर त्याच क्षणी विझला तर वायर तिकडं जोडून दिलेली असू शकते. अपघातात उघडलेल्या एअरबॅग परत बसवायला मोठा खर्च येतो, म्हणून नुसतं कव्हर बसवून गाडी विकतात. ही फसवणूक कळते ती दुसऱ्या अपघाताच्या वेळी, आणि तेव्हा तक्रार करायला माणूस असेलच असं नाही.

सहावं, पाणी. पुढचा सीट बेल्ट पूर्ण शेवटपर्यंत बाहेर ओढा. शेवटच्या फूटभरात चिखलाची रेघ असेल तर तिथंच थांबा. सीटखालचे बोल्ट, स्टेपनीची जागा, डॅशबोर्डच्या खालची बाजू बघा. हेडलाइटच्या आत वाफ धरलीय का बघा. गाडीत अत्तराचा घमघमाट असेल तर तो कशावर मारलाय याचा विचार करा. सनरूफवाली असेल तर छताच्या कापडावर डाग शोधा, सनरूफच्या नळ्या तुंबल्या की पाणी आत उतरतं.

सातवं, मीटर. डिजिटल मीटर मागं घ्यायला आता लॅपटॉप आणि थोडा वेळ पुरतो. म्हणून मीटर नका बघू, पाय कुठं लागतात ते बघा. क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर, ड्रायव्हर सीटची बाहेरची कड, स्टिअरिंगचं कातडं. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. मीटर ३० हजार सांगतंय आणि टायर मात्र मूळ गाडीपेक्षा चार वर्षांनी तरुण आहेत, तर पहिले टायर कुठं झिजले?

आठवं, घरच्यांसाठी. तिसऱ्या सीटवर स्वतः बसा. मागचा एसी मागं वारा देतो का, मागचे बेल्ट अडकतात का बघा. गाडी घ्यायला जाणारा बाप्या फक्त ड्रायव्हर सीटवर बसून येतो, आणि मागं आई बसणार असते.

नववं, कागद. आरसीवरचा चेसिस नंबर आणि गाडीवर कोरलेला नंबर स्वतः जुळवा. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि ३५ नंबरचा फॉर्म असल्याशिवाय पैसे देऊ नका. चलनं बाकी आहेत का बघा. आणि जुनी इन्शुरन्स पॉलिसी मागा, त्यातला नो क्लेम बोनस वाचा. क्लेम न घेता वर्षं गेली की तो २०, २५, ३५, ४५ करत ५० टक्क्यांवर जातो. सहा वर्षांची गाडी, ‘एक ओरखडा नाही साहेब’, आणि बोनस शून्य? मग क्लेम कशाचा घेतला ते विचारा. दिल्ली-एनसीआरकडची डिझेल गाडी स्वस्त मिळत असेल तर का स्वस्त आहे तेही समजून घ्या. तिथं १० वर्षं झालेल्या डिझेल गाड्यांवर २०१५ ला एनजीटीनं बंदी घातली, २०१८ ला सुप्रीम कोर्टानं ती उचलून धरली. पुढं त्यात फेरबदल झाले असले तरी तेव्हापासून आठ-नऊ वर्षांच्या गाड्या बाहेरच्या राज्यांत येतच राहिल्या. इथं आणल्यावर एनओसी, नवीन पासिंग, रोड टॅक्स हे सगळं तुमच्या डोक्यावर.

झाली यादी. आता खरं सांगा, हे सगळं एका निवृत्त शिक्षकानं बघायचं? दुकानासमोर उभं राहून, दुकानदार घड्याळ बघत असताना, "संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय" असं म्हणत असताना?

आणि हे सगळं बघूनसुद्धा गाळ कार्पेटखालीच राहिला असता. कारण कार्पेट उचलू कोण देतो?

माझा मुद्दा असा आहे. या यादीतल्या सगळ्यात महत्त्वाच्या तीन गोष्टी, म्हणजे गाडी किती पळाली, पाण्यात गेली का, मोठा अपघात झाला का, यांची उत्तरं आधीच कुठंतरी नोंदलेली आहेत. किलोमीटर सर्व्हिस सेंटरच्या कॉम्प्युटरमध्ये आहेत. टोटल लॉस इन्शुरन्स कंपनीच्या फाइलमध्ये आहे. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा किमतीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की ती टोटल लॉस धरतात, म्हणजे सर्व्हेअरनं बघून, फोटो काढून, सही करून लिहिलेलं आहे. आधीच्या मालकाला माहीत आहे, लिलावात घेणाऱ्याला माहीत आहे, गॅरेजवाल्याला माहीत आहे. फक्त जो पैसे मोजतोय आणि ज्याची नात मागच्या सीटवर बसणार आहे, त्यालाच माहीत नाही. आणि वर आपण त्यालाच विचारतो, बघून घेतली होती ना?

खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं. टॅक्सीला, ट्रकला ठरावीक काळानं फिटनेस आहे. खाजगी गाडी मात्र शोरूममधून निघाली की १५ वर्षं पीयूसी सोडून तिची कुणी सक्तीनं तपासणी करत नाही. मधे ती तीन वेळा विकली गेली तरी नाही. ब्रिटनमध्ये तीन वर्षांनंतर गाडीची दरवर्षी तपासणी होते, मीटरचा आकडा लिहिला जातो, आणि तो इतिहास कुणालाही गाडीचा नंबर टाकून फुकट बघता येतो. बेल्जियममध्ये २००६ पासून जुनी गाडी विकताना किलोमीटरचा दाखला द्यावाच लागतो. ही काही चंद्रावर जायची गोष्ट नाही. आपण चंद्रावरही जाऊन आलोय.

कायदा अजिबात नाही असंही नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रानं मोटार वाहन नियमांत बदल केला, १ एप्रिल २०२३ पासून तो लागू आहे. जुन्या गाड्यांच्या डीलरनं आरटीओकडून अधिकृत दाखला घ्यायचा, गाडी ताब्यात घेतली की ती ऑनलाइन कळवायची, आणि तेव्हापासून तोच मालक धरला जाणार. नियम चांगला आहे. पण तुमच्या गावातल्या जुन्या गाड्यांच्या दुकानात जाऊन तो दाखला भिंतीवर दिसतो का बघा, आणि काय दिसलं ते खाली लिहा. आमच्या भागात मी सात दुकानं फिरलो. एकानं दाखवला. दोघांनी "तसलं काय असतंय?" म्हणून मलाच विचारलं.

यावर लोक काय म्हणणार ते मला माहीत आहे. "स्वस्तात पाहिजे तर सोसायला नको का?" हो, सोसू की. जुन्या गाडीचा क्लच जाणार, बुश वाजणार, एसीचा गॅस संपणार. झीज आणि फसवणूक यात फरक आहे. जुनं झालेलं विकणं हा धंदा आहे. मेलेलं रंगवून विकणं हा धंदा नाही.

दुसरं म्हणतील, "गरीब एजंटांचं पोट आहे त्यावर." मला उलट दिसतं. ज्या एका दुकानदारानं दाखला दाखवला, तो म्हणाला, "साहेब, मी खरं मीटर सांगतो म्हणून माझी गाडी ५० हजारानं महाग दिसते. गिऱ्हाईक शेजारी जातंय." म्हणजे खोटेपणा चालू ठेवून आपण प्रामाणिक माणसाचंच पोट मारतोय.

तिसरं म्हणतील, "लोकांची माहिती अशी उघड करायची का?" मालकाचं नाव-पत्ता नकोच आहे. गाडीचा इतिहास पाहिजे. किती पळाली, टोटल लॉस झाली का, बस्स.

म्हणून मागण्या तीनच. एक, दर पीयूसीला आणि इन्शुरन्स रिन्यूअलला मीटरचा आकडा फोटोसकट नोंदवायचा आणि तो वाहन पोर्टलवर सगळ्यांना दिसला पाहिजे. दोन, इन्शुरन्स कंपनीनं गाडी टोटल लॉस केली की त्याच दिवशी आरसीवर तसा शिक्का पडला पाहिजे. गाडी दुरुस्त होऊन परत रस्त्यावर येणार असेल तर आधी तपासणी, मग विक्री. तीन, २०२२ च्या नियमाप्रमाणे दाखला नसलेल्या दुकानावर आरटीओनं कारवाई केली पाहिजे. आमदार-खासदारांची कार्यालयं गावात आहेत, पत्र लिहायला पैसे पडत नाहीत. मी लिहिलंय. मजकूर पाहिजे असेल तर देतो.

तोवर जे फसलेत त्यांच्यासाठी. दुकानदारानं खोटं सांगून विकली असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. ५० लाखापर्यंतची खरेदी जिल्ह्यालाच चालते, ५ लाखापर्यंत फी नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५. पण त्यासाठी पुरावा पाहिजे, म्हणून घेतानाच मीटरचा आकडा, ‘अपघात नाही, पाण्यात गेलेली नाही’ हे वाक्य, सही-शिक्क्यासह पावतीवर लिहून घ्या. लिहून देत नसेल तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं. आणि विकणाऱ्यांनो, कोऱ्या फॉर्मवर सह्या देऊन मोकळे होऊ नका. गाडी तुमच्या नावावर असेपर्यंत अपघाताची भरपाई तुमच्या अंगावर येऊ शकते, सुप्रीम कोर्टानं २०१८ ला हे स्पष्ट सांगितलंय. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर १४ दिवसांत कळवा.

आता माझं. सहा वर्षांपूर्वी मी माझी जुनी गाडी विकली. तिचं हेड गॅस्केट जायला लागलं होतं. दर आठवड्याला पाणी घालावं लागायचं, मला माहीत होतं. घेणारा तासगावकडचा एक तरुण. त्यानं विचारलं, "काका, काही काम नाही ना?" मी म्हणालो, "तू बघून घे बाबा." दोन महिन्यांनी त्याचा फोन आला होता. मी उचलला नाही.

दाजींचा विषय सुरू झाला तेव्हा मी दुकानदाराला सगळ्यात मोठ्या आवाजात शिव्या घालत होतो. घरी येऊन जेवायला बसलो तेव्हा तो न उचललेला फोन आठवला. गेल्या महिन्यात त्या मुलाचा नंबर शोधला, गॅस्केटचा आणि हेडचा खर्च विचारला आणि पाठवून दिला. तो म्हणाला, "काका, आता राहू दे, ती गाडी मी पण विकली." मी विचारलं, "घेणाऱ्याला सांगितलं होतंस का?"

तो हसला. म्हणाला, "त्यानं बघून घेतली की."